गलबताची बैठक

‘घरी एखादी जुनी वस्तू असल्यास प्रदर्शनासाठी आणावी,’ अशी इतिहास मंडळाची सूचना फलकावर लागली आणि मी उत्साहाच्या भरात माळ्यावरचे गलबत उचलून आणले. सागाचे, हातभर लांब, दोन डोलकाठ्यांचे.

“सुरेख! कोणी केले?” सरांनी विचारले.

“गावातल्या एका सुताराने.”

हे खोटे नव्हते. पण खरेही नव्हते. तो सुतार म्हणजे माझे बाबा. प्रवेश-अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘शेती’ लिहिले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि पहिल्याच पायरीवर असा घसरलो होतो.

“याला स्टँड हवा. तेवढा करून आणा,” सर म्हणाले.

त्यात काय मोठे! दोन फळ्यांना खाचा पाडल्या, मध्ये पट्टी ठोकली. गलबत ठेवले, तर ते नाळेवर तोंडघशी पडले. दोन्ही खाचा मी एकाच मापाच्या पाडल्या होत्या. गलबत मात्र पुढे निमुळते, मागे रुंद.

ओटीवरून बाबा पाहत होते. ते उठले. पुठ्ठा कातरून गलबताच्या पोटाला पुढे-मागे लावून पाहिला आणि दोन वेगळे आकार काढले. फळ्या कापल्यावर गलबताच्या तळाला गेरू फासून ते खाचांत टेकवले. जिथे लाल डाग उमटला, तिथे कानस. पुन्हा गेरू, पुन्हा कानस. पठाण म्हणजे जहाजाचा तळाचा कणा. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “भार पठाणार घे रे झिला. कुशीक नुसतो आधार.”

रात्री मला गिर्येची गोदी आठवली. विजयदुर्गाजवळची ही आंग्रेकालीन गोदी आम्ही लहानपणापासून पाहत आलो. डागडुजीला आलेली जहाजे तिथे कोरडी पडत, तेव्हा त्यांनाही असेच टेकू लागत असणार. तुळाजी आंग्र्यांचे आरमार १७५६ साली विजयदुर्गाला जळाले, हे आम्ही परीक्षेत लिहितो. ती जहाजे बांधणाऱ्या सुतारांची नावे मात्र माझ्या पुस्तकात कुठे सापडली नाहीत. पुस्तकाला दोष द्यायला गेलो आणि जीभ चावली. मी तरी काय वेगळे केले होते?

दुसऱ्या दिवशी कार्डावर ‘कारागीर’ या शब्दापुढे मी बाबांचे पूर्ण नाव लिहिले. आडनाव वाचून सरांनी वर पाहिले.

“सर, गावातला तो सुतार म्हणजे माझे वडील.”

सर काही बोलले नाहीत. त्यांनी कार्ड उचलून गलबताच्या पुढ्यात नीट लावले.

बाबा प्रदर्शनाला आले ते धुतलेला सदरा घालून, दाराशी अवघडत. लोक शिडे पाहत होते, डोलकाठ्या पाहत होते. बाबा खाली वाकले, पठाण आणि लाकूड यांच्यामधून त्यांनी नख फिरवून पाहिले. फट नव्हती.

“बरा बसला,” ते म्हणाले.

कार्डाकडे त्यांचे लक्षच गेले नाही. मग मीच ते त्यांना वाचून दाखवले.