‘मी बाजूला होते’

‘भान’ हा मराठीतला विलक्षण शब्द आहे. ते हरपते, सुटते, राहत नाही आणि पुन्हा येतेही. संतांपासून नाट्यसंगीतापर्यंत भान हरपणे ही आपल्याकडे बहुधा कौतुकाचीच गोष्ट ठरली आहे. त्यामुळे शिकवलेल्या तासाचा मधला अर्धा भाग मला आठवेनासा झाला, तेव्हा घरच्यांनी त्याला तंद्री म्हटले. गावाकडच्या मावशीने कुलदेवीचे काही राहून गेले आहे का, असे विचारले. मावशीचा प्रश्न मला अडाणी वाटला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणातही तंद्रावस्था आणि संचार यांची नोंद डिसोसिएटिव्ह विकारांच्याच गटात आहे. रूढीने मान्य केलेला, हवासा संचार तेवढा त्यातून वगळलेला आहे.

पुण्यात मानसोपचारतज्ज्ञ मिळतो. डिसोसिएशनवर काम केलेला मिळणे ही निराळी गोष्ट. पहिल्या डॉक्टरांनी अपस्माराची शंका फिटावी म्हणून ई.ई.जी. काढायला लावला, ते योग्यच होते. अहवाल निर्दोष आल्यावर मात्र त्यांनी चिंतेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विषय संपवला. दुसरे फार उत्साही. दुसऱ्याच भेटीत ते म्हणाले, संमोहनाने दडलेली आठवण बाहेर काढू. मी पुन्हा गेले नाही. ‘सिबिल’ हे १९७३ सालचे पुस्तक अनेकांनी वाचले असेल. त्यातल्या कथेच्या सत्यतेवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले. रुग्ण आणि उपचारक मिळून नकळत कथानक रचू शकतात, हे कादंबरी शिकवणाऱ्याला वेगळे सांगावे लागू नये. या विकारांच्या उपचारांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही आधी सुरक्षितता आणि स्थैर्य, मग आघाताच्या आठवणी, असाच क्रम सांगतात.

त्यानंतर मी फोनवरच विचारून घेऊ लागले. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? असे रुग्ण पूर्वी पाहिले आहेत का? आठवणींकडे कधी वळता? मराठीत बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे अनेकांना नवल वाटे. एकांनी तर, तुम्ही प्राध्यापिका ना, मग इंग्रजीची अडचण काय, असे विचारले. अडचण इंग्रजीची नव्हतीच. जे मुळात माझे वाटत नाही, ते परक्या भाषेत सांगताना आणखी दूर जाते, एवढेच.

अखेर भेटल्या त्या बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला बसतात. त्यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेली अठ्ठावीस प्रश्नांची डिसोसिएशनची प्रश्नावली माझ्याकडून भरून घेतली, पण तिच्या गुणांवरून निदान होत नाही हेही लगेच सांगितले. मग विचारले, “तासाला बोलत कोण होते?”

“मीच.”

“मग तुम्ही कुठे होता?”

“खिडकीपाशी.”

त्यांनी ‘का’ विचारले नाही. खिडकीतून काय दिसत होते, ते विचारले.

याला आता तिसरे वर्ष आहे. तास अजूनही कधीमधी निसटतो, पण निसटू लागल्याचे कळते. ‘डिसोसिएशन’ला मराठीत काय म्हणायचे, हे मात्र आमचे ठरलेले नाही. परिभाषेतले ‘विघटन’ त्यांनाही नको आहे, मलाही; त्याला कुजण्याचा वास येतो. तूर्तास ‘मी बाजूला होते’ एवढ्यावर आमचे भागते.