उघड्या छताचा वाडा

लडाखात तुला, हिमबिबट्याला, शान म्हणतात. आमच्या मराठीत शान म्हणजे दिमाख, चारचौघांत उठून दिसणं. आणि तू तर जन्मभर न दिसण्याचंच व्रत घेतलेलं. करड्या खडकावर करडं अंग टाकलंस, की समोर उभ्या माणसालाही नुसता डोंगर दिसतो. पीटर मॅथिसन 1973 मध्ये नेपाळच्या डोल्पोपर्यंत पायी गेला, तुला न बघताच परतला, आणि तरीही आपल्या पुस्तकाला त्यानं तुझंच नाव दिलं. मीही तुला पाहिलेलं नाही. पण न पाहिलेल्याचंही सुतक लागतं, हे मला हेमिसच्या बाजूच्या एका खोऱ्यात कळलं.

फेब्रुवारी होता. गोठलेल्या ओढ्याकाठी एक खडक छत्रीसारखा पुढे झुकलेला होता. वाटाड्या त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि खडकाला नाक लावून वास घेतला. खडकाच्या खरबरीत अंगाला दोन-तीन पांढुरके केस चिकटले होते. तिथं कुणीतरी गाल घासला होता. खाली कोरड्या रेतीत मागच्या पायांनी उकरलेली वीतभर खळगी, आणि तिच्या टोकाला उकरलेल्या मातीचा छोटासा ढीग. तुम्ही एकमेकांना भेटत नाही, निरोप ठेवून जाता. एरवी एकट्याच फिरणाऱ्या तुम्हाला या दिवसांत जोडीदार हवा असतो, तेव्हा कड्यांतून तुमची लांब, आर्त साद घुमते. वाघ-सिंहांसारखी डरकाळी तुमच्या गळ्यात नाहीच. जवळच्याशी बोलायचं तर नाकातून हलकंसं फुरफुरायचं.

थंडीनं तुला किती निगुतीनं घडवलं होतं! नाकाची पोकळी रुंद, बोचरी हवा छातीत उतरण्याआधी कोमट व्हावी म्हणून. कान आखूड, ऊब निसटू नये म्हणून. पंजे पसरट, तळव्यांनाही केस, भुसभुशीत बर्फात पाय रुतू नयेत म्हणून. पोटाखालची लव अर्ध्या वितीएवढी लांब. आणि ती शेपूट, जवळजवळ अंगाएवढी! भरल या रानमेंढीमागे कड्यावरून झेपावताना ती तोल सावरायची, आणि रात्री तीच तू नाकातोंडावर ओढून घ्यायचीस, धनगरानं घोंगडी ओढावी तशी.

ज्या घरी मी उतरलो होतो, तिथल्या आजोबांना सगळे मेमे म्हणत. एका संध्याकाळी चुलीपाशी त्यांनी तुझी गोष्ट सांगितली. त्यांच्या तरुणपणीची, थंडीच्या तोंडावरची एक रात्र. मेंढ्यांच्या वाड्याला भिंती दगडाच्या, पण वर छत उघडं. तू एका भुकेपुरती आत उतरलीस. मेंढ्या भेदरून सैरावैरा धावू लागल्या, आणि जोवर काही हलत होतं तोवर तुझा पंजा थांबला नाही. पहाटे मेमेंनी दार उघडलं तेव्हा त्यांचं वर्षभराचं मीठ-पीठ रक्तात पडलं होतं आणि कोपऱ्यात तू, जडावलेली, बाहेर निघायचं विसरलेली. पहिला दगड मेमेंनीच उचलला.

नंतर त्यांना तुझी आचळं दिसली. ती दुधानं ओली होती. जून-जुलैत जन्मलेली तुमची पिल्लं दीड-दोन वर्षं आईची पाठ सोडत नाहीत. कुठल्या कपारीत ती वाट बघत होती, किती दिवस बघत होती, ते मेमेंना कधीच कळलं नाही. मेंढ्यांचं दुःख पुढच्या वर्षी निवलं, हे नाही निवलं, असं ते म्हणाले आणि चुलीत शेण्या सारत राहिले.

कुणाला दोष देऊ, शान? तुझ्या भुकेला? की त्यांच्या?

2024 मध्ये भारतानं पहिल्यांदा आपल्या हिमबिबट्यांचा आकडा जाहीर केला. 718. त्यांतले 477 एकट्या लडाखात. आणि तुला घडवणारी ती थंडीच आता विरत चालली आहे. झाडं वर सरकतील, त्यांच्या आडोशानं खालचा बिबट्या वर येईल. तूही वर सरकशील. पण डोंगराला शेवटी माथा असतो.

रिंचेन वांगचुक हा लडाखचा माणूस 2011 मध्ये गेला. जाण्याआधी त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी गावोगावच्या वाड्यांवर तारेची जाळी बसवायचं काम उभं केलं. आमचे धनगर मेंढ्यांभोवती वाघर लावतात, तसंच हे. फक्त आभाळाच्या बाजूनं. मेमेंच्या वाड्यावरही आता जाळी आहे. तुझ्या वेळी ती नव्हती.

निघायच्या दिवशी पहाटे मेमेंनी मला हाक मारली. रात्री भुरभुर बर्फ पडलं होतं. वाड्याभोवती पसरट पंज्यांचा एक पूर्ण फेरा उमटला होता, मधूनमधून शेपटीची पुसट रेघ. एका जागी पावलं भिंतीवर चढली होती, जाळीपाशी थांबली होती, आणि मग उतरून सरळ कड्याकडे गेली होती.

मेमेंनी मेंढ्या मोजल्या. मग कितीतरी वेळ ते त्या पावलांकडे बघत उभे राहिले, आणि निघताना त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेले.