किती गोळे न्यायचे?

शर्मन रणगाड्यात 75 मिलिमीटरचे नव्वदेक गोळे मावतात. उमरग्यातला माझा पुतण्या त्यातले फार तर पंचवीस-तीस नेतो. बाकीचे कुठं ठेवतोस, असं विचारलं तर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणतो, "घेतच न्हाई काका. भरलेली गाडी लवकर पेटती."

हे ऐकल्यावर मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. तोवर माझी समजूत अशी होती, की हा पोरगा रात्री जेवण झालं की नुसता धडाधड गोळ्या झाडतो. पण त्या रात्री तो काहीच झाडत नव्हता. वॉर थंडर नावाचा त्याचा गेम आहे. जगभरातली पोरं दोन बाजू करून त्यात रणगाडे आणि विमानं घेऊन उतरतात. बऱ्याच दिवसांच्या खटपटीनंतर त्याला नवीन रणगाडा मिळाला होता आणि लढाईत नेण्याआधी तो त्याची तपासणी करत होता. खिडकीबाहेर पुणे-हैदराबाद हायवेवरून ट्रकची रांग चाललेली, आत जुन्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरतोय, आणि हा गडी एका वहीत आकडे मांडतोय. बारावीला त्यानं एवढी वही लिहिली असती तर वहिनीनं तुळजाभवानीला चोळी-खण वाहिला असता.

तपासणीचं मैदान निर्मनुष्य असतं. हिरवळ, एक कच्चा रस्ता आणि निमूट उभे असलेले शत्रूचे रणगाडे. त्यांच्यावर गोळा मारला की कोपऱ्यात छोटी चौकट उघडते. त्यात त्या गाडीचं आरपार चित्र दिसतं. गोळा पत्र्यातून कुठून शिरला, आत फुटून ठिकऱ्या कुठवर उडाल्या, चालक वाचला का, तोफ चालवणारा गेला का, सगळं दिसतं. पुतण्या ते चित्र एखाद्या डॉक्टरनं एक्स-रे बघावा तसं बघत होता. एक गोळा नुसता भोक पाडून जाणारा, एक आत जाऊन फुटणारा, एक जाड पत्र्यापुढं निकामी पण उघड्या गाडीची दाणादाण उडवणारा, आणि एक फक्त धूर सोडणारा. कोणते किती घ्यायचे, हाच सगळा हिशेब. खेळणारी पोरं त्याला लोडआउट म्हणतात.

कमी गोळे नेण्यामागचं कारण त्यानं मला गाडी कापून दाखवावी तसं दाखवलं. गोळ्यांचे कप्पे गाडीभर विखुरलेले असतात. जितके कप्पे भरलेले, तितक्या ठिकाणी शत्रूला नेम धरायला जागा. एका कप्प्याला धग लागली की गाडी गेली. म्हणून तो बाजूचे कप्पे रिकामे सोडतो. संपलेच गोळे तर मैदानातलं एखादं ठाणं जिंकून तिथं पुन्हा भरून घ्यायचे. पुतण्याचा हा शहाणपणा खऱ्या शर्मननं फार महागात विकत घेतला होता. दुसऱ्या महायुद्धात सुरुवातीच्या शर्मनमध्ये गोळे पट्ट्यांच्या वर, बाजूच्या कप्प्यांत रचलेले असत. तिथं मार बसला की गाडी पेटायची. पुढं 1944 पासूनच्या गाड्यांमध्ये ते तळाशी नेले आणि त्यांच्याभोवती पाण्याच्या पेट्या बसवल्या. शत्रूच्या गोळ्याइतकीच भीती स्वतःच्या साठ्याची, हे कळायला पुष्कळ माणसं होरपळावी लागली.

हा हिशेब आमच्या धाराशिव जिल्ह्याला नवा नाही. परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी मलिक-ए-मैदान ही तोफ होती. आज ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे, तरी परंड्याचा माणूस तिचं नाव घरातून गेलेल्या मुलीसारखं घेतो. 1549 मध्ये नगरला महंमद बिन हुसेन रूमी यानं ती पंचधातूत ओतली. वजन सुमारे 55 टन, म्हणजे पुतण्याच्या शर्मनच्या पावणेदोन पटीहून जास्त. तोंड असं, की माणूस आत बसू शकतो. 1565 च्या तालिकोटच्या लढाईत तिच्यात तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासून डागल्या, असं सांगतात. लांबच्या भिंतीसाठी अखंड गोळा आणि अंगावर येणाऱ्या गर्दीसाठी विखुरणारा मारा, ही निवड त्या तोफखान्यातल्या कुणीतरी ऐन वेळी केली असणार. चौकट उघडून दाखवणारं मैदान त्याला कुणी दिलं नव्हतं.

1632 मध्ये ही तोफ परंड्याहून विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं जुंपली होती, अशी नोंद वारंवार वाचायला मिळते. मला त्यातल्या चारशे बैलांचं फार वाटतं. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळं माझ्या डोक्यात तोफेआधी कडबा येतो. चारशे बैलांना रोज किती पेंढ्या लागल्या असतील, त्या वाहायला आणखी किती गाड्या, त्या गाड्यांना आणखी किती बैल? भीमा ओलांडल्याशिवाय विजापूर येत नाही, मग नदी कुठल्या महिन्यात ओलांडली असेल? तोफेचं वजन पुस्तकात सापडतं. ती ओढणाऱ्यांच्या वैरणीचं वजन कुठंच सापडत नाही, आणि मोहीम अडते ती बहुधा तिथंच.

पुतण्याला हे सांगितल्यावर त्यानं एकच प्रश्न केला, "आपल्याकडं खरे रणगाडे कधी आलते का, काका?"

आले होते. तो बसला होता त्या खोलीपासून हाकेच्या अंतरावरून गेले होते.

13 सप्टेंबर 1948, सोमवार. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून साल सांगताना "अ‍ॅक्शनच्या आधी" आणि "अ‍ॅक्शननंतर" असं म्हणतात, ती ही पोलीस अ‍ॅक्शन. लष्कराच्या कागदावर तिचं नाव ऑपरेशन पोलो. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालच्या फौजा पहाटे सोलापूरकडून निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या. पहिली गाठ नळदुर्गला पडली. किल्ल्याला वळसा घालून जाणाऱ्या बोरी नदीवर पूल होता. तो पडला असता तर ऐन पावसाळ्यात सगळा फौजफाटा अलीकडच्या तीरावर अडकला असता. काळ्या रानात सप्टेंबरात वाफसा नसेल तर शेतकरी बैलसुद्धा घालत नाही, तिथं रणगाडा कोण घालणार? रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर पूल एकच.

निजामाच्या बाजूलाही हे ठाऊक होतं. टी. टी. मूर नावाचा ब्रिटिश लष्करातला माजी कमांडो अधिकारी निजामाच्या फौजेत नोकरीला होता. पूल उडवायची कामगिरी त्याच्याकडं होती आणि तो जीपमध्ये स्फोटकं भरून निघाला होता. गाडी उत्तम, माल नेमका, माणूस तरबेज. लोडआउट म्हणून पाहिलं तर त्यात खोट काढायला जागा नाही. पण तो पुलावर पोचण्याआधीच सातव्या ब्रिगेडनं पूल शाबूत ताब्यात घेतला होता, आणि मूर जीपसकट पकडला गेला. मग दुसऱ्या शीख पलटणीनं नळदुर्गच्या ठाण्यावर हल्ला चढवला. सकाळी नऊला चिलखती गाड्या जळकोटात होत्या. दुपारी सव्वातीनला त्या उमरग्यात पोचल्या, म्हणजे हद्दीच्या आत 61 किलोमीटर. दुसरी तुकडी पहाटे तुळजापुरावर गेली. तिथं निजामाची पलटण आणि त्याच्या बाजूनं लढणारे दोनेकशे सशस्त्र स्वयंसेवक, म्हणजे रझाकार, दोन तास लढले आणि शरण आले. तीच तुकडी पुढं लोहाऱ्याकडं निघाली तर नदीला पाणी चढलं होतं. ज्या फौजेला शत्रू अडवू शकला नाही, तिला आमच्या एका नदीनं थांबवलं.

पुलाची आणि वजनाची गोष्ट निघाली तर त्याच वर्षीची आणखी एक सांगायला हवी. 1 नोव्हेंबर 1948 ला काश्मीरच्या झोजिला खिंडीत सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे चढले, तेव्हा शत्रूचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही. एवढ्या उंचीवर रणगाडा कुणी नेलेला नव्हता. ते रणगाडे तिथवर आले कसे? वाटेतले पूल कच्चे आणि बातमी फुटायला नको, म्हणून गाड्यांचे तोफ बसवलेले वरचे टरेट उतरवले, ते वेगळे नेले आणि पुढं गेल्यावर पुन्हा जोडले. रणगाड्यातून तोफच काढून ठेवायची, ही सूचना पहिल्यांदा ज्यानं मांडली असेल त्याच्याकडं बाकीच्यांनी कसं पाहिलं असेल? पण पुलाला तोफेचं काय कौतुक? त्याला फक्त वजन समजतं.

पुतण्या हे ऐकून खुलला. त्यानं लगेच यादीतून स्टुअर्ट काढला. चार माणसांची ती हलकी गाडी, 37 मिलिमीटरची तोफ. नदी असलेला एक मॅप निवडला आणि रिकाम्या मैदानात पळवून दाखवली. गाडी झकास पळते. आजवर मी ज्याला पोरखेळ म्हणत होतो, त्यात पत्र्याची जाडी, गोळ्याचा वेग, उताराचा कोन हे सगळं मेहनतीनं बसवलेलं आहे, हे मान्य करायला हवं. खरे रणगाडे तपासायची जागाही आपल्या महाराष्ट्रातच आहे. मलिक-ए-मैदान जिथं ओतली, त्याच अहिल्यानगरला आज लष्करी वाहनांच्या संशोधनाची संस्था आणि तिचे चाचणीचे मार्ग आहेत, चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि 1994 मध्ये उघडलेलं रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. तपासल्याशिवाय गाडी रणात नेऊ नये हे तिथल्या माणसांना कुणी शिकवायला नको, आणि आमच्या पोरालाही ते कळलेलं बरंच आहे.

पण स्टुअर्ट नदीकाठच्या एका खेड्यातून गेला तेव्हा माझं लक्ष गाडीवरून उडालं. घरं हुबेहूब होती. कौलं, कुंपण, उघडं दार, अंगणात टोपली. माणूस मात्र एकही नव्हता. गोठ्यात जनावर नाही, ओसरीवर म्हातारी नाही, पळणारं पोर नाही. मी विचारलं, "या गावातली माणसं कुठं गेली रे?"

"माणसं नसत्यात यात, काका."

खऱ्या उमरग्यात माणसं होती. आधी रझाकारांनी गावंच्या गावं नाडली. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी वकिली करायचा लातूरला, आणि लातूर 1982 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. लोक रातोरात गाडीत संसार घालून सोलापूरकडं पळाले. काय न्यायचं आणि काय मागं ठेवायचं, ही निवड त्यांनाही करावी लागली. जातं ठेवायचं, बियाणं न्यायचं. म्हैस ठेवायची, पोरं न्यायची. मग फौज आली, निजाम 17 सप्टेंबरला शरण आला, मराठवाडा मोकळा झाला. त्या दिवसाचं झेंडावंदन आम्ही दरवर्षी मनापासून करतो. पण त्यानंतरच्या आठवड्यांत सूड निघाले आणि ते गरीब मुसलमान घरांवर निघाले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्या वर्षाच्या अखेरीस हिंडून अहवाल दिला. सर्वांत जास्त झळ पोचलेले म्हणून त्यात चार जिल्हे येतात, आणि त्यांत उस्मानाबाद आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आला नाही. आज जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, रस्ता चौपदरी झाला, तरी काही वाड्यांतली ती पडकी घरं कुणाची, हे गावाला माहीत असतं. फक्त मोठ्यानं कुणी सांगत नाही.

माझं त्या गेमशी भांडण नाही. ज्यानं तो रचला त्यानं गावं रिकामी ठेवली ते एका अर्थी बरंच केलं. पोरांनी रिकाम्या घरांवर गोळे टाकावेत, भरलेल्या घरांवर नकोत. माझं म्हणणं एवढंच आहे, की तपासणीचं मैदान गाडीबद्दल सगळं खरं सांगतं आणि मुलखाबद्दल काहीच सांगत नाही. किती गोळे न्यायचे हे तिथं कळतं. पूल किती भार घेईल, नदी कधी चढेल, गाडी पुढं गेल्यावर मागच्या गावाचं काय होईल, हे कुठल्याच चौकटीत उघडून दिसत नाही. ते मुलखाला विचारावं लागतं, आणि मुलूख म्हणजे त्यातली माणसं.

ती माणसं आता थोडीच उरली आहेत. अ‍ॅक्शनच्या वेळी जी सात-आठ वर्षांची होती, ती आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. पुतण्याला मी जळकोटच्या रस्त्यावरची दोन घरं सांगून ठेवली आहेत, एक हिंदूचं आणि एक मुसलमानाचं. तुमच्या गावातही अशी घरं असतील. येत्या 17 सप्टेंबरला झेंडावंदन आटोपलं की पोरांना घेऊन तिथं जा आणि जे ऐकायला मिळेल ते सगळं ऐकून घ्या. उशीर करू नका.