ताईचा सेटलिंग टाइम

मी कॉन्व्हेंटचा. वेलांट्या चुकल्या तर संपादकांनी सांभाळून घ्यावं! पण ही गोष्ट इंग्रजीत लिहिली असती तर आईला वाचता आली नसती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चाळीसगावला घरी गेलो. ताई दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, बाळ तीन आठवड्यांचं. घरभर धुरीचा आणि डिंकाच्या लाडवांचा वास, आणि ताई मात्र बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळ रडलं तरी वळायची नाही. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. आजी म्हणाली, "पोरले नजर लागनी." मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. भेटायला आलेल्या एक काकू जाता जाता बोलून गेल्या, "दुसरी पण मुलगीच का!" आणि मी? मी म्हणालो, "ताई, नाटकं पुरे. घे ना तिला."

ती काहीच बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं हॉस्टेलवर परत आलो तरी डोक्यातून जाईना.

शेवटी आईने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर चार-आठ दिवस रडू येतंच, पण दोन आठवडे उलटूनही असं असेल तर तो आजार, उपचार करायचे. मग मी वाचायला बसलो (सबमिशन सोडून, हे सरांनी वाचू नये!).

स्टेरॉइड म्हटलं की आपल्याला जिममधली पोरं आठवतात. पण गरोदरपणात वाढणारं प्रोजेस्टेरॉन हेही स्टेरॉइडच. हान्स सेल्ये यांनी 1941 मध्ये उंदरांना त्याचा मोठा डोस दिला तर ते चक्क गुंगीत गेले. कारण पुढे कळलं. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत अॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं रसायन तयार होतं. आपल्या चेतापेशींवर गाबा या रसायनाने उघडणारे दरवाजे असतात. दरवाजा उघडला की क्लोराइड आयन आत शिरतात, पेशीचं व्होल्टेज आणखी निगेटिव्ह होतं आणि पेशी फायर करायची थांबते. अॅलोप्रेग्नॅनोलोन हा दरवाजा जास्त वेळ उघडा धरून ठेवतं. हार्मोन जीन्समार्फत काम करतं तेव्हा तासन्‌तास लागतात, हे काम मात्र क्षणात होतं.

नऊ महिने हे रसायन वाढत जातं आणि मेंदू त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो. मग वार पडते आणि दोन-चार दिवसांत पातळी धाडकन खाली! आपल्या भाषेत स्टेप इनपुट. बहुतेक आयांची सिस्टिम सेटल होते, काहींची हेलकावे खात राहते. हे नुसतं तर्काने सांगत नाही. हेच रसायन औषध म्हणून 60 तास सलाईनमधून देण्याच्या उपचाराला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली, आणि त्याच जातीच्या 14 दिवसांच्या गोळीला 2023 मध्ये.

पण पातळी तर प्रत्येकीचीच पडते. मग ताईच का? गोव्यातल्या मातांचा एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांना डिप्रेशन होतं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगी होणं, यांमुळे धोका वाढलेला दिसला. म्हणजे मेंदू सावरायला धडपडत असताना बाहेरून धक्के देणारे आपणच. काकूंचं वाक्य आठवलं. त्याहून जास्त माझं आठवलं.

ताईला साध्याच गोळ्या दिल्या होत्या. रात्री बाळाला आई घ्यायची, ताईला सलग झोप मिळावी म्हणून. आजीनेही दृष्ट काढणं सोडलं नाही, पण गोळीची वेळ तीच लक्षात ठेवायची.

संक्रांतीला गेलो तेव्हा ताई अंगणात पाय पसरून पोरीला तेल लावत होती. गोळ्या अजून चालू होत्या. मी जवळ बसलो, म्हणालो, "ताई, दिवाळीत मी जे बोललो ना..."

"राहू दे रे," ती म्हणाली. "आधी तो टॉवेल दे इकडे, गार पडतेय ती."