राणीचे रंग, चेतकची स्टेपनी

डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी धावू लागली तेव्हा तिचे दोन रेक होते, सात-सात डब्यांचे, आणि दोघांचे रंग वेगळे. एक रुपेरी, त्यावर शेंदरी रेघा. दुसरा गर्द निळा, त्यावर सोनेरी. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडहून आल्या होत्या, पण वरचा डबा जीआयपी रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात घडला. एकाच गाडीला दोन रंग देण्यात सोय काहीच नव्हती. कुणाला तरी ते हवंसं वाटलं, आणि कारखान्यातल्या माणसांनी ते मन लावून केलं. यंत्राच्या वाट्याला आलेली ही हौस मला फार मोलाची वाटते.

मी ते रंग पाहिलेले नाहीत. माझ्या पिढीची राणी निळ्या-पांढऱ्या अंगाची, खिडक्यांवरून लाल पट्टा गेलेली. त्या काळी बाकी बहुतेक गाड्या विटकरी असायच्या. खंडाळ्याच्या घाटात वळणावर नुसता एक डबा झाडीतून दिसला तरी पोरंसोरं ओरडायची, ‘क्वीन आली!’ नाव वाचायची गरजच नसे.

रंग तेव्हा कामालाही यायचे. नव्वदच्या दशकात विटकरी डबे मागे पडून निळे डबे सगळीकडे दिसू लागले, त्यामागे कारण होतं ब्रेकचं. जुन्या डब्यांना व्हॅक्यूम ब्रेक, नव्यांना एअर ब्रेक. दोन्ही प्रकारचे डबे एका गाडीत मिसळून चालत नाहीत, म्हणून निळा रंग ही यार्डातल्या माणसांसाठी खूण होती. मुंबईच्या लोकलमध्ये फर्स्ट क्लासच्या डब्यावरचे लाल-पिवळे तिरके पट्टे आजही तेच काम करतात. गाडी फलाटात शिरत असतानाच पट्टे बघून माणसं दोन पावलं पुढे किंवा मागे सरकतात.

मग गाड्यांचे रंग एकसारखे का होत गेले? उत्तर रंगशाळेत नाही, सिक लाइनवर आहे. डबा नादुरुस्त झाला की तो काढून तिथे नेतात आणि त्याच्या जागी दुसरा जोडतात. गाडीचा रंग खास असेल तर बदलीचा डबाही त्याच रंगाचा राखून ठेवावा लागतो, आणि तो दरवेळी हाताशी असतोच असं नाही. ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना २००९मध्ये दुरांतो आली, हिरव्या-पिवळ्या रंगांत फुलंपानं ल्यालेली. काही वर्षांतच तिच्यात लाल-करडे डबे मिसळलेले दिसू लागले, आणि हळूहळू तो फुलोरा विरत गेला. नव्या बनावटीचे एलएचबी डबे आले, तेही बहुतेक लाल-करड्या रंगात. हे डबे जुन्यांपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत. अपघातात सहसा एकमेकांवर चढत नाहीत, यापेक्षा मोठा गुण कोणता? सगळे एका रंगाचे असले की कुठलाही डबा कुठेही जोडता येतो, हेही पटतं. तरीही कल्याणला उभं राहून समोरून गेली ती गाडी कोल्हापूरची की नांदेडची, हे आता पाटीवाचून कळत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

रेल्वेने बदलीचा डबा कुठेही जोडता यावा म्हणून रंग सोडले. मोटारींच्या जगात याच काळात बदलीचं चाकच सुटलं.

आमच्या घरातली पहिली स्टेपनी चेतकची. आकुर्डीत बनलेली ही स्कूटर १९७२मध्ये आली, आणि पुण्यात तर ती घराघरात झाली. सीटच्या मागे उभी बसवलेली स्टेपनी, तिच्यावर रेक्झिनचं कव्हर. पुढचं, मागचं आणि जादा, तिन्ही चाकं एकाच मापाची, दहा इंची. कुठलंही काढा, कुठेही बसवा. बाबा पंक्चर झाल्यावर चिडलेले मला आठवत नाहीत. डिकीतून पाना निघायचा, स्कूटर कलती करून कुणीतरी धरायची, आणि मी सुटलेले नट कव्हरच्या वाटीत जपून ठेवायचा. थोड्या वेळात आम्ही पुन्हा रस्त्याला. पंक्चरवाल्याकडे जायचं ते नंतर, सवडीने.

मोटारीचं चाक बदलणं जरा मोठं काम. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात ते येत नसेल तर गाडी घेऊन लांब जाण्यात अर्थ नव्हता. आधी चाकामागे दगड लावायचा. जॅक चढवण्याआधीच नट किंचित ढिले करायचे, कारण चाक अधांतरी झालं की पान्याला जोर मिळत नाही. नवं चाक बसवल्यावर नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळायचे. हे कुणी पुस्तकातून शिकलं नाही. वडील, काका, ट्रकवाले, रस्त्यात थांबलेला कुणी अनोळखी माणूस, यांनी ते हाताला शिकवलं.

मोटारी नव्या होत्या तेव्हा जादा चाक नसेच, भर रस्त्यात टायर काढून ट्यूबला ठिगळ लावावं लागे. वेल्समधल्या डेव्हिस बंधूंनी १९०४च्या सुमारास जादा चाकाची युक्ती काढली, आणि ते चाक शतकभर गाडीच्या घडणीचा भाग होऊन राहिलं. आता ते परतीला लागलं आहे. कारणं खरी आहेत. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही. स्टेपनी, जॅक आणि पाना मिळून बरंच वजन होतं, ते कमी केलं की इंधन वाचतं. विजेच्या मोटारीत बॅटरीला जागा लागते, सीएनजीच्या मोटारीत टाकीला. जुलै २०२०मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर प्रवासी मोटारीत जादा चाकाची सक्ती उरली नाही. अनेक गाड्यांत स्टेपनी असते तीही बारकी, ताशी ८० किलोमीटरच्या वर न्यायची नाही अशी.

दुरुस्तीचा संच म्हणजे एक बाटली आणि हवा भरायचा छोटा पंप. जमिनीला टेकणाऱ्या भागात बारीक भोक असेल तर तो उपयोगी पडतो. पण टायरची बाजू फाटली तर ती बाटली काही करू शकत नाही. आणि पावसाळ्यात आपल्याकडे टायर मरतात ते खड्ड्याच्या कडेला आपटूनच. बाजूला फुगा येतो किंवा चीर जाते. श्रावणात रात्री मुंबई-गोवा महामार्गावर, माणगाव मागे पडल्यावर, मोबाइलला रेंज नसताना मदतीचा नंबर कुठे लावायचा? गुळगुळीत रस्त्यांच्या देशांत स्टेपनी खुशाल जावो. कोकणात गणपतीला जाणाऱ्या गाडीत ती हवीच, आणि पूर्ण मापाची हवी. गाडी घेताना ती मागून घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. महिन्याकाठी तिच्यात हवाही भरा, आणि घरातल्या मुलामुलींना एकदा अंगणात चाक बदलून दाखवा.

चेतक २०२०मध्ये विजेवर परत आली, स्टेपनीशिवाय. डेक्कन क्वीनच्या बाबतीत मात्र उलटं घडलं. जून २०२२मध्ये तिला एलएचबी डबे मिळाले, पण लाल-करडे नव्हेत. राष्ट्रीय डिझाइन संस्थेने (एनआयडी) तिच्यासाठी वेगळा हिरवा रंग ठरवला, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा, आणि डायनिंग कारही राहिली. नवा, सुरक्षित डबा आणि स्वतःचा रंग एकत्र नांदू शकतात, हे मध्य रेल्वेने करून दाखवलं आहे. आता बदलीचे दोन-तीन डबे राखून ठेवण्याची तयारी असेल तर महालक्ष्मी, पंचवटी आणि सिंहगडलाही आपापला रंग द्यायला काय हरकत आहे?