झिजलेले, पण न गंजलेले

आमच्या आजऱ्याच्या घरात आजोबांच्या दोन वस्तू कित्येक वर्षे एकाच कुलूपबंद पेटीत होत्या. एक त्यांची जपमाळ आणि दुसरे त्यांचे रिव्हॉल्व्हर. जपमाळेचे मणी बोटांनी ओढून ओढून गुळगुळीत झाले होते आणि रिव्हॉल्व्हरच्या नळीचे तोंड कातडी म्यानात घासून पांढरे पडले होते. एकदा घरी जेवायला आलेल्या फादरांनी आजोबांना हसत विचारले, "यांतले अधिक कोणते वापरता?" आजोबांनी मुकाट्याने जपमाळ उचलून दाखवली. पण पुसण्यासाठी दर रविवारी बाहेर निघे ते रिव्हॉल्व्हर, हेही आम्हा भावंडांना ठाऊक होते.

आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करात होते. निवृत्तीनंतर त्यांनी रीतसर परवाना काढून ते शस्त्र विकत घेतले. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे ते मार्क चार, म्हणजे .३८ बोअरचे, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. वजन किलोभराहून कमी. बाजूचा खटका अंगठ्याने दाबला की नळी बिजागरीवर पुढे झुके, चक्र उघडे पडे आणि रिकामी काडतुसे एकदम वर उचलली जात. ब्रिटिश सरकारने १८८७ मध्ये वेब्लीचे पहिले रिव्हॉल्व्हर लष्करासाठी स्वीकारले. त्याच घराण्यातले हे धाकटे अपत्य.

त्याच्या अंगावर इंग्रजीत दोन शब्द कोरलेले होते : 'वॉर फिनिश'. लहानपणी आम्हाला ती मोठी पदवी वाटे. पुढे वडिलांनी अर्थ सांगितला. युद्धाच्या घाईत कारखान्याला पूर्वीसारखी चकाकी देण्यास सवड नव्हती. पृष्ठभागावर कानशीचे ओरखडे राहून जात. ते पाहून कोणी कारखान्याच्या कसबाला नावे ठेवू नयेत, म्हणून ही कबुली अंगावरच छापलेली. वरची झिलई कमी असली तरी आतले काम चोख हवे, कारण त्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असे. आमच्या घरातली अनेक माणसे 'वॉर फिनिश'चीच होती, असे आम्हाला आता वाटते.

जुन्या शस्त्राची पारख करताना झीज आणि गंज यांत फरक करावा लागतो, हा आजोबांचा पहिला धडा. हाताळून निळसर काळा रंग उडतो, मुठीवरची चौकडी पुसट होते. ती झीज. तिने नेम चुकत नाही. गंज मात्र नळीच्या आत, कोणाला न दिसता वाढतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायन उडाल्यावर क्षार मागे ठेवते आणि तो क्षार हवेतला ओलावा ओढून घेतो. म्हणून गोळी झाडल्यावर नळी आधी गरम पाण्याने धुवायची, कोरडी करायची आणि मगच तेल द्यायचे. आमच्या आजऱ्याचा पाऊस सर्वांना माहीतच आहे. हिरण्यकेशी दुथडी भरून वाहू लागली की घरात मीठसुद्धा पाझरते. त्या चार महिन्यांत आजोबा रिव्हॉल्व्हर म्यानात कधीच ठेवीत नसत, कारण कातडे ओल धरून ठेवते. तेलाच्या फडक्यात गुंडाळूनच ते पेटीत जाई. "पोरांनो, झिजलेलं चालेल, गंजलेलं चालायचं नाही," हे त्यांचे शब्द आम्हाला तोंडपाठ झाले होते.

आजोबांनंतर परवाना वडिलांच्या नावे झाला. एकदा ते कोल्हापूरला नेमबाजीच्या मैदानावर निघाले, तेव्हा आम्हीही बरोबर गेलो. आधी त्यांनी शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री केली. घोडा ओढल्यावर चक्राचा प्रत्येक कप्पा नळीच्या बरोबर समोर येऊन घट्ट थांबतो का, ते पाहिले. तो केसभर जरी इकडेतिकडे राहिला, तर गोळीचे शिसे कडेला तासले जाते. मग उजेडाकडे धरून नळीतल्या सर्पिल खाचा तपासल्या. त्या स्वच्छ व रेखीव होत्या. वडिलांनी सहा गोळ्या सावकाश झाडल्या. कागदावरची सहाही छिद्रे एका बशीत मावली असती. शेजारी नव्या पिस्तुलांनी सराव करणारी मुले कौतुकाने पाहू लागली. आमच्या जिल्ह्याला त्या कौतुकाचे कारण सांगावे लागत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले.

तरीही हे शस्त्र कागदावर छिद्रे पाडण्यासाठी घडवलेले नव्हते, हे आम्ही कसे विसरावे? या बोअरची मूळ गोळी नुसत्या शिशाची, सुमारे तेरा ग्रॅमची होती. अंगात शिरून पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेने बंदी घातली होती. त्या बंदीचा भंग होईल या शंकेने दुसऱ्या महायुद्धापूर्वी तिच्या जागी धातूच्या वेष्टनाची हलकी गोळी आली. मारण्याच्या धंद्यातही माणसाचे मन कुठेतरी कचरते, एवढाच दिलासा.

बांधाच्या वादावरून एके रात्री भावकीतले एक वडीलधारे गृहस्थ कोयता घेऊन आमच्या अंगणात आले, तो प्रसंग आम्ही जन्मभर विसरणार नाही. ते प्यालेले होते. आईने घाबरून पेटीची किल्ली वडिलांपुढे धरली. वडिलांनी ती घेतली नाही. रिकाम्या हातांनी ते दार उघडून बाहेर गेले आणि म्हणाले, "दादा, आधी बसा. पाणी घ्या." दादा बराच वेळ शिव्या देत उभे होते. मग बसले. वाद पुढे दोन वर्षे चालला आणि मोजणीत आमचीच दीड फूट जमीन गेली. त्या रात्री आम्ही विचारले, "रिव्हॉल्व्हर का नाही घेतलंत?" वडील म्हणाले, "कारण ते चालतं."

त्या उत्तराचा अर्थ कळायला आम्हाला बरीच वर्षे लागली. गंजून बंद पडलेले शस्त्र पेटीत ठेवण्यात पुण्य कसले? गेथशेमनी बागेत प्रभू येशूने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितले, तेव्हा ती तलवार बोथट नव्हती. क्षणापूर्वीच तिने एका सेवकाचा कान कापला होता. जे हातून होऊ शकते ते न करणे, याचेच नाव संयम.

गेल्या वर्षी वडील देवाघरी गेले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांनी शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारस म्हणून आम्हाला परवान्यासाठी अर्ज करता आला असता. धाकट्याची तशी इच्छाही होती, आणि दोन रात्री आमच्यात त्यावरून बोलाचाली झाली. इग्नेशियस लोयोलाने १५२२ मध्ये मोन्सेरातच्या मंदिरात पवित्र मातेच्या वेदीपाशी आपली तलवार ठेवली, ही गोष्ट आईने त्याला आठवण करून दिली. "ती काय गंजलेली होती?" एवढेच तिने विचारले. आम्ही संत नव्हे. शस्त्र बाळगण्यास सबळ कारणही आमच्यापाशी नव्हते. अखेर ते परत न घेण्याचे ठरले.

जमा करण्यापूर्वी आम्ही ते शेवटचे पुसून तेल दिले. ठाण्यातल्या वयस्क हवालदारांनी खटका दाबून ते उघडले, खिडकीच्या उजेडात नळीतून पाहिले आणि विचारले, "कुणी सांभाळलं हो हे?" आम्ही दोन नावे सांगितली. त्यांनी पावतीवर लिहिले : 'जुने, वापरलेले, चालू स्थितीत.'

ती पावती आता पेटीत जपमाळेशेजारी आहे. आमचाही हिशेब होईल त्या दिवशी आमच्या नावापुढे हेच शब्द लिहिले जावेत, एवढीच परमेश्वराचरणी प्रार्थना.