नवरदेवाच्या उजव्या हाताला

इंग्लंडमधल्या लग्नात नवरदेवाच्या जिवलग मित्राला चक्क मान असतो, जागा असते, आणि यंदा ती जागा मला मिळाली! बेस्ट मॅन! यॉर्कशरमधल्या खेड्यातलं दगडी चर्च, ऑफिसातला माझा मित्र नवरदेव आणि त्याच्या उजव्या हाताला मी, साताऱ्याचा! सिनेमात हे किती वेळा पाहिलं असेल, पण या माणसाच्या अंगावर केवढी कामं असतात ते आत्ता कळलं.

लग्नाआधी मित्रमंडळींची सहल निघते, 'स्टॅग डू'. ती त्यानेच आखायची, पैसेही त्यानेच गोळा करायचे. लग्नाच्या सकाळी नवरदेवाला उठवून, खाऊ घालून, कोटाला फूल टाचून वेळेआधी चर्चात उभा करायचा तोही यानेच.

आणि अंगठ्या! त्या माझ्या वेस्टकोटाच्या खिशात. बोटं सारखी तिकडे जात होती. वधू आली, ऑर्गन थांबला. या लग्नाला कुणाची कायदेशीर हरकत आहे का, असं पाद्रीबाईंनी विचारलं. (हो, बाई! चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९९४पासून स्त्रियाही पाद्री होतात.) तो प्रश्न खरंच विचारतात, आणि तेव्हा छातीत धस्स होतं! मग बाईंनी उघडं पुस्तक माझ्यापुढे धरलं. छापील ओळींवर मी अंगठ्या ठेवल्या, एक मोठी, एक इवलीशी. हात थरथरत होता.

तिथल्या कायद्याला बेस्ट मॅन लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. त्यातली एक सही माझी! २०२१पासून त्या कागदावर दोघांच्या आयांचीही नावं लागतात. त्याआधी फक्त वडिलांची असत. दोन्ही आयांची नावं वाचून मला फार बरं वाटलं.

पण खरी कसोटी जेवणाच्या वेळी. आधी मुलीचे वडील बोलतात, मग नवरदेव, शेवटी बेस्ट मॅन. त्याने नवरदेवाची खेचायची, तीही त्याच्या आजीसमोर! आपल्याकडे मुलीचा भाऊ कान पिळतो, तसा हा शब्दांनी पिळायचा. मात्र जुन्या प्रेमप्रकरणांना हात लावायचा नाही, आणि नवरीलाही हसू यायला हवं. मी आजारी असताना त्याने डब्यातून आणलेल्या पिवळ्या पाण्याची गोष्ट सांगितली. ती डाळच आहे, असा त्याचा ठाम दावा होता. आजी डोळे पुसून पुसून हसल्या. मग म्हणालो, "या देशात माझ्यासाठी पहिल्यांदा रांधलं ते याने." आवाज दाटून आला. कसाबसा ग्लास उंचावला, सगळे उठून उभे राहिले.

काय सुंदर पद्धत आहे ही! आपल्या लग्नात मामाला मान, करवलीला मान, कानपिळ्याला मान. मित्र मात्र पंगती वाढतात, गाड्यांची सोय बघतात, वरातीत नाचतात आणि फोटोत मागच्या रांगेत उभे राहतात. तुळशीच्या लग्नानंतर तुमच्याकडे कार्य असेल, तर एवढं कराच: जेवणं आटोपली की माइक पाच मिनिटं नवरदेवाच्या मित्राच्या हाती द्या. नवरीच्या मैत्रिणीलाही द्या.